डायनासोरला पिसं होती

ज्या मुलाने बारावीच्या प्रॅक्टिकलला झुरळाचे पाय आठ सांगितले होते, तोच पंचवीसेक वर्षांनी मला डायनासोरची तज्ज्ञ सल्लागार म्हणून नेमायला घरी आला. मधल्या काळात तो मालक झाला होता. कशाकशाचा मालक, ते त्याने सोफ्यावर टेकता टेकताच सांगून टाकलं. गुऱ्हाळ होतं, पेट्रोल पंप होता, हायवेच्या कडेला लग्नाचं लॉन होतं. लॉनला लागून उसाची एक पट्टी होती, ती मोडून तिथे तो आता डायनासोर पार्क काढणार होता.

"मॅडम, हलणारं डायनासोर हायत. डोळं मिटत्यात, श्वास घेत्यात, वरडत्यात. जिवंतच म्हणा की."

"मग माझं काय काम?"

"तज्ज्ञ नगं व्हय? बोर्डावर 'तज्ज्ञ मार्गदर्शन' असं लिवायचं आणि शेजारी तुमचा फोटो. लोकास्नी वाटलं पायजे, हिथं कायतरी शिकाया मिळतंय."

ज्युनियर कॉलेजात मी तेहतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. उत्क्रांतीचा धडा दरवर्षी शेवटी यायचा आणि तोवर वर्गात मी आणि पंखा एवढेच उरायचो. त्या तेहतीस वर्षांत मला कुणी तज्ज्ञ म्हटलं नव्हतं. मुलं पाठीमागे 'झुरळवाल्या मॅडम' म्हणत, ते मला माहीत होतं. त्यामुळे मी फार विचार वगैरे केला नाही. चहा यायच्या आत होकार दिला. फोटो कुठला द्यायचा, एवढाच प्रश्न मनात होता.

तो गेल्यावर आमचे हे पेपराच्या मागून म्हणाले, "जिवंतच आहेत म्हणतो ना, मग तज्ज्ञ कशाला? गुरांचा डॉक्टर बघ म्हणावं."

पुढच्याच महिन्यात परदेशातून दोन कंटेनर आले. मालकाने त्यांना हार घातला, नारळ फोडला आणि दार उघडलं. आत सात डायनासोर सुट्या भागांत झोपले होते. मुंडकी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, पाय एकीकडे, शेपट्या एकावर एक रचलेल्या. रबराचा असा वास सुटला होता की पूजेला आलेला गुरुजी दोन पावलं मागे सरला. जोडणी करून द्यायला कंपनीचा माणूस येणार होता. तो आला, पण फक्त मोबाईलवर. दर दोन मिनिटांनी त्याचा चेहरा तोंड उघडं असतानाच गोठायचा. तिसऱ्या दिवशी मालकाने फोन खिशात घातला आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातून एका मिस्त्रीला बोलावून घेतलं.

मिस्त्री माझ्याच वयाचे, सातवीत शाळा सोडलेले. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. आयुष्यभर गुऱ्हाळांच्या चरकांचे दाते आणि पंपांचे शाफ्ट दुरुस्त करत आलेला माणूस. टी-रेक्स जोडून उभा राहिला तेव्हा मी मनातल्या मनात एक छोटं भाषण तयार केलं होतं, पृथ्वीवरच्या सर्वांत भयंकर मांसाहारी प्राण्याबद्दल. मिस्त्रींनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, पोटाखालची चेन ओढली, आत डोकं घातलं आणि आतूनच म्हणाले, "मॅडम, ह्ये वायपर हाय."

"काय आहे?"

"ट्रकचं वायपर. काचंवर इकडनं तिकडं फिरतंय न्हाय का, तीच मोटर. एक जबड्याला, एक मानंला, दोन शेपटीला. डोळ्याला बारकी हाय."

माझं भाषण तिथेच संपलं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी नाहीसा झालेला तो महाप्रतापी जीव ट्रकच्या वायपरवर परत आला होता.

पण मिस्त्री बाहेर आले ते हनुवटी चोळत. त्यांनी टी-रेक्सकडे बाजूने पाहिलं आणि मला विचारलं, "ह्यो एवढा म्होरं वाकलाय. दोनच पाय. मग पळताना तोंडावर पडत का नव्हता?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनीच हात वर केला. "थांबा, सांगू नगासा." मग शेपटीपाशी गेले, तिचं टोक दोन्ही हातांनी उचलून पाहिलं, खाली ठेवलं. "शेपूट. वजन मागं टाकलंय. तराजूगत."

तेहतीस वर्षांत माझ्या वर्गात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि उत्तर तर कुणी दिलंच नव्हतं. इतकी वर्षं मी चुकीच्या इमारतीत शिकवायला जात होते, असं त्या दिवशी मला वाटून गेलं.

माझ्याकडे पाट्यांचं काम होतं. मी सात पाट्या लिहिल्या. प्रत्येकीवर त्या प्राण्याचा काळ, प्रदेश, हाडं कुठे सापडली, आपल्याला काय माहीत आहे आणि काय माहीत नाही. महिनाभर खपून लिहिल्या. मालकाने पहिली पाटी निम्मी वाचली.

"मॅडम, ह्ये वाचून हुईस्तवर पोरगं मुतायला पळंल."

"मग काय लिहायचं?"

"काय खातोय, त्येवढं लिवा. लोक तेवढंच इचारत्यात."

आणि खरंच, सातही पाट्यांवर शेवटी नाव आणि एक ठिपका उरला. पाला खाणाऱ्याला हिरवा, मांस खाणाऱ्याला लाल, बिस्किटाच्या पुड्यावर असतो तसा. माझ्या ज्ञानाचा अर्क म्हणाल तर तो एवढाच. मालकाची आणखी एक इच्छा होती. सातांपैकी एक तरी डायनासोर कोल्हापूरचा असावा. मी त्याला समजावलं की आपल्या पायाखाली आहे तो सगळा थंड झालेला लाव्हा आहे. तो वाहत होता तेव्हा इथे कुणी डायनासोर असलाच तर तो भाजून निघाला असणार.

मालकाचे डोळे चमकले. "म्हंजे हुता, पण भाजलेला!"

ती पाटी लागू नये म्हणून मला चार दिवस भांडावं लागलं.

सातांतला सर्वांत लहान होता तो वेलोसिरॅप्टर. तो माणसाएवढा होता. प्रवासात त्याची पाठ फाटली होती, मानेपासून शेपटीपर्यंत आतला स्पंज दिसत होता. मालकाने त्याला स्वच्छतागृहाच्या मागे उभा करायचं ठरवलं. मला तीच संधी वाटली.

"याला पिसं लावू," मी म्हटलं.

"पिसं? डायनासोरला?"

"होती त्याला. हाताच्या हाडावर पिसांच्या मुळांच्या खुणा सापडल्यात. त्याच्या भाऊबंदांचे तर पिसांसकट ठसे दगडात मिळालेत."

"मग ती कोंबडीच की!"

"कोंबडी त्याच्याच गोतातली आहे."

मालक इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, ह्ये बाहीर कुणाला सांगू नगासा. आपल्याकडं लोक डायनासोरचा तांबडा-पांढरा रस्सा कराया बसत्याल."

पण फाटकी कातडी तशीही वायाच जाणार होती. "मागच्या कोपऱ्यात करा काय करायचं ते," असं म्हणून त्याने परवानगी दिली. विज्ञानाला आपल्याकडे जागा मिळते ती साधारण त्याच कोपऱ्यात.

तो उन्हाळा मी पिसं धुण्यात घालवला. चिकनच्या दुकानातून गावठी कोंबड्यांची पोती भरून पिसं आणायची, कपड्याच्या साबणात तीन पाण्यांनी काढायची, गच्चीवर जुन्या साडीखाली वाळवायची. वारा आला की अर्ध्या कॉलनीत पिसं. शेजारच्या काकूंनी आठवडाभर वाट पाहिली आणि शेवटी जिन्यात गाठून विचारलंच, "मॅडम, रिटायर झाल्यापास्नं तुमच्याकडं कोंबड्या लय हुत्यात का ओ?" आमच्या ह्यांनी तर गच्चीवर यायचंच सोडलं. जेवताना भाजीत एकदा पीस निघालं, तेव्हा त्यांनी ते बाजूला काढून ताटाच्या कडेला ठेवलं आणि एक शब्दही बोलले नाहीत. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात इतकं कडक बोलणं मी ऐकलं नव्हतं.

पिसं चिकटवायला मी डोक्याकडून सुरुवात केली. मिस्त्री बघत होते. दोन ओळी झाल्यावर म्हणाले, "काढा ती."

"का?"

"खालनं वर यायचं. कौलं शाकारल्यागत. न्हाईतर वरच्याची मुळं उघडी पडत्यात."

पक्ष्याच्या अंगावर पिसं एकावर एक कशी येतात, याची आकृती मी फळ्यावर शेकडो वेळा काढली होती, अगदी रंगीत खडूने. प्रत्यक्ष लावायची वेळ आली तेव्हा ती कळली कौलं शाकारणाऱ्याला. मी मुकाट्याने दोन ओळी उपटल्या आणि आम्ही शेपटीकडून परत सुरुवात केली. तपकिरी पिसं अंगाला, काळी पाठीवर, हातांना कोंबड्याच्या शेपटीची लांब पिसं. मिस्त्री गम लावायचे, मी पीस ठेवायची. काम करता करता ते विचारत राहायचे. उडता येत नव्हतं तर पिसं कशाला? मी सांगितलं, ऊब धरायला, अंडी झाकायला, कदाचित मादीपुढे मिरवायला. "म्हंजे फेट्यागत," ते म्हणाले. मी म्हटलं, हो, तसंच.

ज्या दिवशी काम संपलं त्या दुपारी मिस्त्रींनी बटण दाबलं. छातीतली मोटर फिरली, छाती वर आली आणि तिच्याबरोबर सगळी पिसं किंचित उभी राहिली, मग बसली. परत उभी राहिली. मान वळली. तो आमच्याकडे पाहतो आहे, असं वाटलं.

"आयला," मिस्त्री पुटपुटले. मग लगेच कान पकडून म्हणाले, "माफ करा मॅडम."

"असू दे," मी म्हटलं. "मीही तेच म्हणणार होते."

उद्घाटनाला गर्दी लोटली. लोक टी-रेक्सपुढे पोरं उभी करून फोटो काढत होते, पोरं भोकाड पसरत होती, बाप हसत होते. मागच्या कोपऱ्यात गर्दी जरा उशिरा पोहोचली, पण पोहोचली ती हसतच. "बघ, बघ, कोंबडा!" एकाने मला गाठून आस्थेने विचारलं, "ह्यो अंडी किती देतोय ओ?" दुसऱ्या एका पाहुण्याने बोर्डावरचा माझा फोटो पाहिला, मला पाहिलं आणि सगळ्यांसमोर जाब विचारला. "तज्ज्ञ तुमीच न्हवं? मग ह्ये पिसं लावू कशी दिलीसा? आमच्या पोराच्या पुस्तकात बघा जावा, डायनासोर हिरवा असतोय." मी त्याला हाडांवरच्या खुणांबद्दल सांगू लागले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि बायकोला म्हणाला, "चल, हितं कायबी ठोकून देत्यात."

आठवड्याभरात मालकाने दारापाशी बाण असलेली नवी पाटी लावली: 'राक्षस कोंबड्याकडे'. मी जाऊन भांडले.

"मॅडम, लोक तिकीट काढायच्या आदी त्येच इचारत्यात, कोंबडा कुठं हाय म्हणून. टी-रेक्सला कोण इचारत न्हाय आता. तुमचंच यश हाय की ह्ये!"

माझ्या यशाचं स्वरूप ते असं होतं.

मग लग्नसराई आली आणि मालकाच्या डोक्यातून नवी कल्पना निघाली. लॉनवर लग्न करणाऱ्याला डायनासोर फुकट. टी-रेक्सला फेटा, लांब मानेच्या त्या भल्यामोठ्या पालेखाऊला झेंडूच्या माळा, आणि राक्षस कोंबडा, त्याची पाटी मागच्या कोपऱ्यातच ठेवून, थेट स्टेजच्या शेजारी, सेल्फीसाठी. पहिलं लग्न ठरलं त्यात मुलीकडचे गडहिंग्लजच्याही पलीकडचे, घरात कन्नड-मराठी दोन्ही बोलणारं, पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध शाकाहारी घराणं. लग्नाच्या आदल्या दिवशी मुलीचे वडील मांडव पाहायला आले. टी-रेक्सपाशी थबकले. पाटीवरचा लाल ठिपका पाहिला.

"ह्ये आमच्यात चालत न्हाय," त्यांनी मालकाला सांगितलं. "लग्नाच्या जागेत मांसाहार नगं."

"ओ, पण त्यो रबराचा हाय."

"रबराचा असूं दे. लिवलंय की वर."

मालकाने मला फोन करून बोलावून घेतलं. वडील अत्यंत सभ्य गृहस्थ होते. त्यांनी मला नमस्कार केला, खुर्ची दिली आणि विचारलं की या प्राण्याला एका दिवसापुरतं शाकाहारी करता येईल का. तज्ज्ञांनी हो म्हटलं तर पाहुण्यांचंही समाधान होईल. मी टी-रेक्सच्या दातांकडे पाहिलं. केळ्याएवढा एकेक दात. मग त्या बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मुलीचं लग्न, चार दिवस झोप नसलेला माणूस.

"करता येईल," मी म्हटलं.

लाल ठिपक्यावर हिरवा कागद मी माझ्या हाताने चिकटवला. साडेसहा कोटी वर्षांत त्याने काही खाल्लं नाही, एका दिवसाने काय बिघडतं, अशी मनाची समजूत घातली. वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणून जे काही मी वर्गात ओरडून सांगत असे, ते गमच्या दोन थेंबांत चिकटून बसलं.

लग्नाच्या दिवशी सगळे सेन्सर बंद ठेवायचे होते. समोर हालचाल झाली की डायनासोर मान उचलून ओरडतात ते या सेन्सरमुळे. मालकाच्या वायरमनने सहा बंद केले. सातवा, म्हणजे आमचा, स्टेजशेजारी दुसऱ्या प्लगवर होता. तो राहिला.

पहिली मंगलाष्टका संपली. "शुभमंगल सावधान!" पाहुण्यांनी हात उचलले, अक्षता उडाल्या आणि वेलोसिरॅप्टरने मान वर काढून सिंहाच्या आवाजात गर्जना केली. नवरदेव अर्धा फूट उडाला. लोक हसले. गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं आणि दुसरी सुरू केली. "सावधान!" परत अक्षता, परत गर्जना. आता बँडवाल्यांना वाटलं की ही खूणच आहे. त्यांनी एकदम वाजवायला सुरुवात केली. नवरीच्या मामाने घाईने अंतरपाट खाली घेतला. नवऱ्याने माळ घातली. गुरुजी ओरडत होते, "अजून तीन हायत, तीन!"

बँड थांबला आणि वाद सुरू झाला. लग्न लागलं की नाही? मुहूर्त टळला की नाही? मुलाचे चुलते मोठ्याने म्हणाले, "ह्यो अपशकुन हाय. जनावर वरडलंय मांडवात." मुलीचे वडील घामाघूम झाले. आणि मालकाने, गर्दीतून वाट काढत, माझा हात धरून मला स्टेजवर आणलं.

"थांबा, थांबा. ह्या मॅडम तज्ज्ञ हायत. त्याच सांगत्याल, ह्यो शकुन का अपशकुन."

चारशे माणसं माझ्याकडे बघू लागली. मला एका क्षणात झुरळाचं पचनसंस्थेपासून सगळं आठवलं, उपयोगाचं मात्र काहीच नाही.

तेव्हा पहिल्या रांगेतून मुलीची आत्या उठली. सत्तरीची असेल, इरकली लुगडं, कपाळावर विभूती. ती कुणाची परवानगी न घेता स्टेजच्या कडेला आली, वेलोसिरॅप्टरच्या पुढ्यात उभी राहिली. त्याने मान काढली, आत्या हलली नाही. तिने त्याच्या छातीच्या पिसांत बोटं घातली, मग वाकून पाय पाहिले आणि मला विचारलं, "ह्यो मोराचा अज्जा न्हवं?"

"काय म्हणालात?"

"मोराचा अज्जा गं. आजोबा. पाय बघ की त्येचं, मान बघ. आमच्या मळ्यात मोर येत्यात, आस्संच मान काडून वरडत्यात." मग ती चुलत्यांकडे वळली. "मोर वरडला तर अपशकुन कुठला आलाय? उलटं पाऊस चांगला हुतोय." मग गुरुजींना म्हणाली, "म्हणा वो स्वामी, ऱ्हायलेल्या म्हणा."

राहिलेल्या तीन मंगलाष्टका झाल्या. दर 'सावधान'ला मोराचा अज्जा ओरडला आणि आता लोक त्याला टाळ्या देत होते. जे मला वर्षानुवर्षं एका वर्गाला पटवता आलं नाही, ते या बाईने तीन शब्दांत भरमांडवात मान्य करून घेतलं होतं. जेवणाच्या पंगतीत मी मुद्दाम तिच्याशेजारी जाऊन बसले. तिचे आभार मानले, तुमची नजर फार चांगली आहे म्हटलं. ती खूश झाली. माझ्या पानात आग्रहाने होळगी, म्हणजे पुरणपोळी, वाढायला लावली आणि प्रेमाने विचारलं, "तू हितं झाडलोटीला असतीस व्हय?"

पाऊस खरंच चांगला झाला. इतका चांगला की जूनच्या अखेरीला पिसं भिजून लोळागोळा झाली. मालकाने वरून प्लास्टिक टाकलं, त्यामुळे आत वाफ धरली आणि वास सुटला. कितीही धुतली तरी ती कोंबडीची पिसं होती, आणि हे ज्यांना कळायचं त्यांना कळलं. एके दिवशी सकाळी वॉचमनचा फोन आला. मी रिक्षा करून गेले. हायवेवरच्या सात-आठ कुत्र्यांनी रात्रीत त्याचा फडशा पाडला होता. लॉनभर पिसं, स्पंजाचे तुकडे, चिखल. लोखंडी सांगाडा तेवढा उभा होता आणि कुठल्याशा वायरीत जीव राहिल्यामुळे मान इकडून तिकडे फिरत होती.

मी ओल्या बाकावर बसले आणि रडले. त्या वयात, त्या कारणासाठी, हायवेच्या कडेला. आता लिहिताना हसू येतं, तेव्हा आलं नव्हतं. तो डायनासोर खरा आहे असं सगळ्या पार्कात फक्त त्या कुत्र्यांनाच मनापासून वाटलं होतं.

मालक आला, माझ्याशेजारी बसला. म्हणाला, "मॅडम, जाऊं द्या. हिरवं कातडं मागवलंय म्या." मी त्याला तिथेच सांगितलं की यापुढे माझं मार्गदर्शन बंद. तो वाईट वाटून घेत म्हणाला, "तुमची मर्जी. पण फोटो ऱ्हाऊं द्या की." फोटो राहिला. आजही आहे. त्याखाली आता हिरवा, गुळगुळीत, सापासारखा वेलोसिरॅप्टर उभा आहे, आणि येणारे-जाणारे समाधानाने म्हणतात, हां, आता दिसतोय डायनासोरगत.

दोन महिन्यांनी मिस्त्रींचा फोन आला. "मॅडम, उद्यमनगरात येऊन जावा जरा."

त्यांच्या शेडमध्ये लेथच्या बाजूला, गोणपाट झाकून काहीतरी ठेवलं होतं. त्यांनी गोणपाट काढलं. गुडघ्याच्या वर येईल एवढा, मोठ्या टर्कीएवढा वेलोसिरॅप्टर. खरा होता तेवढाच. पिसं लावताना कधीतरी बोलण्याच्या ओघात मी त्यांना खरं माप सांगितलं असणार. सांगाडा नवा, मोटरी बारक्या. अंगावरचं एकेक पीस छत्रीच्या कापडातून कापलेलं, कडेने कातरलेलं, खालून वर लावलेलं.

"पावसात चालंल," ते म्हणाले. "आणि कुत्रं खात न्हाय. बघितलं दावून."

मी, सवयीने, चूक काढली. शेपूट फार लवते, ताठ हवी. त्यांनी पाना घेतला. आवाजाचं काय करायचं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कसा ओरडत होता ते कुणालाच माहीत नाही. काही शास्त्रज्ञ म्हणतात, यांतले कितीतरी तोंड मिटूनच घुमत असतील. मिस्त्रींनी छताकडे बोट केलं. पत्र्याखाली पारवे बसले होते. दोन दुपारी आम्ही लेथ बंद ठेवून, त्यांचं घुमणं टिपायला मोबाईल वर धरून बसलो. शेजारच्या शेडवाल्यांनी काय चाललंय ते विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. त्यांच्या भाच्याने तो आवाज संथ आणि जड करून दिला.

नेसरीकडच्या एका शाळेला तो हवा होता. तिथल्या विज्ञानाच्या बाई माझ्या विद्यार्थिनी, झुरळाचे पाय बरोबर मोजणाऱ्यांतल्या. टेम्पोत त्याला चादरीत गुंडाळून आम्ही नेलं. शाळेच्या हॉलमध्ये सगळी मुलं जमिनीवर बसवलेली, मागे बाकांवर गावातले चार प्रतिष्ठित. हेडमास्तरांनी माइकवर प्रास्ताविक केलं. मग स्वागत केलं. मग विज्ञानाचं महत्त्व सांगितलं. मिस्त्रींनी बटण दाबलं तेव्हाही ते बोलतच होते.

छत्रीच्या कापडाची पिसं उभी राहिली, बसली. मान वळली. हेडमास्तरांनी माइक खाली घेतला, ओठांची हालचाल दिसते का म्हणून वाकून पाहिलं आणि विचारलं, "आवाज न्हाय ह्याला?"

"हाय की," मिस्त्री म्हणाले.

"मग वाढवा जरा. मागं ऐकू यायला पायजे."

"वाढत न्हाय सर. तेवढाच हाय त्येचा." मिस्त्रींनी चष्म्याची दोऱ्याची काडी कानामागे नीट बसवली. "तुमीच जरा गप बसा की."

हॉलमध्ये कुणीतरी खुदकन हसलं आणि मग एकदम शांत झालं. पोरं बसल्या जागी पुढे सरकली. तो आवाज आधी मला फरशीतून जाणवला, पायांना, मग कानांना. एक मुलगी तोंडावर हात ठेवून ऐकत होती. हेडमास्तर माइक हातात धरून तसेच वाकलेले राहिले, आणि पुरती पाच मिनिटं एक शब्दही बोलले नाहीत.